नाव कुणाचं? युरोपच्या बास्केटबॉल लीगकडून शिकलेला धंद्याचा धडा



या वेळच्या व्हिडिओत मी एक प्रश्न विचारला होता: "तुमच्या दुकानाचं नाव तुमचंच आहे, हे कुठल्या कागदावर लिहिलंय?" व्हिडिओत उदाहरण दोन मिनिटांत उरकावं लागलं. ते आज इथे निवांत सांगते. उदाहरण खेळातलं आहे. शाळेत मी बास्केटबॉल खेळायचे, त्यामुळे मला ते आधीपासून ठाऊक होतं. त्यातला धडा मात्र कळायला स्वतःचा धंदा करावा लागला.

तारीख १६ ऑक्टोबर २०००. माद्रिद शहरात स्पेनचा रियाल माद्रिद आणि ग्रीसचा ऑलिंपियाकोस हे दोन संघ बास्केटबॉल खेळायला उतरले. स्पर्धेचं नाव 'युरोलीग'. युरोपभरचे मोठे क्लब या स्पर्धेत खेळतात, हे तिकडच्या प्रेक्षकांना ठाऊक होतं. नाव ओळखीचं, संघ ओळखीचे, खेळाडू ओळखीचे.

पण एक मोठा बदल झाला होता. ही स्पर्धा बेचाळीस वर्षं जिने भरवली, ती संस्था या सामन्यात कुठेच नव्हती. ती होती 'फिबा', म्हणजे जागतिक बास्केटबॉलचा कारभार पाहणारा आंतरराष्ट्रीय महासंघ. त्याच मोसमात फिबाची दुसरी स्पर्धा सुरू होती, वेगळ्या नावाने. कारण 'युरोलीग' हे नाव तिच्या हातातून गेलं होतं. चोरी झाली नव्हती, फसवणूकही झाली नव्हती. फिबाने ते नाव वापरलं होतं, पण कधी नोंदवलंच नव्हतं.

इतकी मोठी संस्था अशी चूक कशी करते? ते समजायचं असेल तर सुरुवातीपासून बघायला हवं.

एका पेपरवाल्याची कल्पना

फ्रान्समध्ये 'लेकीप' नावाचं खेळाचं दैनिक आहे. १९५५ साली युरोपच्या फुटबॉल क्लबांची मोठी स्पर्धा सुरू झाली, ती याच दैनिकाच्या पुढाकाराने. ती जोरात चालली. मग तीच कल्पना बास्केटबॉलमध्ये आणायचं ठरलं. फिबाने मनावर घेतलं आणि १९५८ साली युरोपच्या विजेत्या क्लबांची पहिली स्पर्धा झाली. नियम सोपा होता. आपापल्या देशात जो क्लब जिंकेल, तो इथे येईल.

पहिला विजेता संघ लाटव्हियातल्या रिगा शहराचा होता. लाटव्हिया तेव्हा सोव्हिएत संघात होता आणि हा क्लब होता लष्कराचा. प्रशिक्षक अलेक्झांडर गोमेल्स्की तेव्हा अवघा तीस वर्षांचा. त्याच्याकडे यानिस क्रूमिन्श नावाचा साधारण सात फूट दोन इंच उंचीचा खेळाडू होता. या संघाने १९५८, १९५९ आणि १९६० असे सलग तीन कप नेले. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या सेस्का क्लबने त्यांची सद्दी मोडली, आणि १९६२ मध्ये जॉर्जियाच्या दिनामो तिबिलिसीने कप नेला. म्हणजे पहिली पाच वर्षं कप सोव्हिएत संघाच्या बाहेर गेलाच नाही.

तुम्ही म्हणाल, मग बाकीच्यांना या स्पर्धेत रस कसा राहिला? रियाल माद्रिदमुळे राहिला. त्यांनी १९६२ आणि १९६३ ची फायनल हरली, पण खेळणं सोडलं नाही. १९६४ ला पहिला कप नेला. मग १९६५, १९६७ आणि १९६८. आजही सगळ्यात जास्त, म्हणजे ११ विजेतेपदं त्यांच्याच नावावर आहेत.

सामना खेळायचा कुठे?

ते दिवस शीतयुद्धाचे होते. स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही, तिकडे सोव्हिएत संघात कम्युनिस्ट राजवट. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. पहिल्याच मोसमात रियाल माद्रिदची गाठ रिगाशी पडली आणि स्पेनच्या सरकारने संघाला तिकडे जाऊच दिलं नाही. रिगा न खेळताच पुढे गेला.

१९६२ च्या फायनलला पुन्हा तोच पेच आला. समोर तिबिलिसी. या वेळी आयोजकांनी डोकं लावलं. 'तुझ्या घरी नको, माझ्या घरी नको' म्हणत सामना स्वित्झर्लंडमध्ये जिनेव्हाला ठेवला. एकच सामना, तटस्थ मैदान. फायनल झाली.

सगळ्यात गाजलेला प्रसंग १९७७ चा. इस्रायलचा मकाबी तेल अवीव आणि सेस्का मॉस्को समोरासमोर आले. १९६७ पासून सोव्हिएत संघाचे इस्रायलशी राजनैतिक संबंध तुटलेले होते. सेस्का तेल अवीवला जायला तयार नव्हता. तेव्हा हा सामना बेल्जियममधल्या व्हिर्टन नावाच्या छोट्याशा गावात झाला. मकाबी ९१–७९ ने जिंकला. पुढे बेलग्रेडच्या फायनलमध्ये इटलीच्या वारेझेला ७८–७७, अवघ्या एका गुणाने हरवून त्यांनी पहिला कप नेला. त्या विजयाची आठवण इस्रायलमध्ये आजही काढतात.

इथे फिबाला मान द्यायलाच हवा. देशांची भांडणं असताना स्पर्धा बंद पडली असती, तर कुणी दोष दिला नसता. पण दरवेळी मधली जागा शोधली आणि गाडी चालू ठेवली. नाव असंच मोठं होत गेलं. धंद्यातही नाव पाटीमुळे होत नाही. अडचणीच्या दिवशीही शटर वर गेलं, की होतं.

फ्रिज, डबाबंद मांस आणि जीन्स

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे पैसा.

युरोपच्या बास्केटबॉलमध्ये एक गंमत आहे. तिथे स्पॉन्सर जर्सीवर तर असतोच, पण क्लबच्या नावातही येऊन बसतो. १९६६ चा विजेता बघा. क्लब मिलान शहराचा, पण ओळखला जायचा 'सिमेंथाल' म्हणून. सिमेंथाल हा डबाबंद मांसाचा ब्रँड! त्या संघात बिल ब्रॅडली नावाचा अमेरिकन खेळाडू होता. तो तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होता आणि सामन्यांपुरता इटलीत यायचा. पुढे तो अमेरिकेत सिनेटर झाला.

मग आला वारेझे. उत्तर इटलीतलं हे छोटं शहर. क्लबमागे होती 'इग्निस' ही फ्रिज बनवणारी कंपनी. या संघाने १९७० ते १९७९ अशी सलग दहा वर्षं फायनल गाठली. दहापैकी पाच जिंकल्या: १९७०, १९७२, १९७३, १९७५ आणि १९७६. त्या दहा वर्षांत स्पॉन्सर बदलले, त्याबरोबर नावंही बदलली. आधी इग्निस, मग मोबिलजिर्जी, मग एमर्सन. खेळणारा क्लब मात्र एकच.

युगोस्लाव्हियातल्या स्प्लिट शहराची गोष्ट अशीच. तिथल्या क्लबच्या नावात 'युगोप्लास्टिका' होतं, म्हणजे प्लास्टिकचा कारखाना. टोनी कुकोच, दिनो राजा असे कोवळे खेळाडू होते. १९८९ आणि १९९० असे दोन कप त्यांनी युगोप्लास्टिका म्हणून नेले. तिसरा कप १९९१ ला, पण तोवर स्पॉन्सर 'पॉप ८४' हा इटलीचा जीन्सचा ब्रँड झाला होता. त्यामुळे नोंदीत तिसऱ्या वर्षी वेगळंच नाव दिसतं.

हे एवढं का सांगितलं? नाव ही विकायची, भाड्याने द्यायची वस्तू आहे, हे क्लबांना १९६०–७० च्या काळातच कळलं होतं म्हणून. नाव लावायचे पैसे मिळतात, म्हणजे नावाला किंमत आहे, हा हिशोब क्लबांच्या रोजच्या व्यवहारात होता. स्पर्धा भरवणाऱ्या फिबाने मात्र स्वतःच्या स्पर्धेच्या नावाकडे त्या नजरेने बघितलंच नाही. तिच्या लेखी ती खेळाची संस्था होती. धंदा आपण करत नाही, अशी समजूत.

आपल्याकडेही असे लोक किती भेटतात! "ताई, मी घरून थोडेसे डबे देते, धंदा वगैरे काही नाही." आणि महिन्याला दीडशे डबे जात असतात.

घर नसलेला विजेता

१९८८ साली फिबाने एक चांगला बदल केला. शेवटचे चार संघ एकाच शहरात बोलवायचे आणि दोन सेमीफायनल व फायनल तिथेच खेळवायच्या. याला म्हणतात 'फायनल फोर'. असा प्रयोग १९६६ च्या सुमारास झाला होता, पण टिकला नव्हता. १९८८ ला बेल्जियमच्या गेंट शहरात तो परत सुरू झाला आणि या वेळी रुजला. चार गावांचे चाहते एका शहरात, दोन-तीन दिवसांची जत्राच. हॉटेलवाले खूश, टीव्हीवाले खूश. आजही शेवट असाच होतो.

या फायनल फोरमधली मला सगळ्यात भावलेली गोष्ट १९९२ ची. युगोस्लाव्हिया फुटत होता, युद्ध पेटलं होतं. बेलग्रेडच्या पार्तिझान क्लबला घरच्या मैदानावर खेळायची परवानगी नव्हती. त्यांनी माद्रिदजवळचं फुएनलाब्रादा हे गाव निवडलं आणि घरचे बहुतेक सामने तिथे खेळले. इतक्या लांबच्या या गावाने त्यांना आपलं मानलं. लोक त्यांच्यासाठी ओरडायला यायचे.

प्रशिक्षक होता झेल्को ओब्रादोविच. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो याच क्लबकडून खेळत होता, प्रशिक्षक म्हणून त्याचं ते पहिलंच वर्ष. इस्तंबूलच्या फायनलमध्ये समोर स्पेनचा होव्हेन्तुत बादालोना. शेवटच्या काही सेकंदांत पार्तिझान मागे होता. साशा जॉर्जेविच चेंडू घेऊन धावत आला आणि तीन गुणांचा बास्केट मारला. स्कोअर ७१–७०. ज्यांना घर नव्हतं ते युरोपचे विजेते झाले.

पुढच्या वर्षी निर्बंधांमुळे पार्तिझानला स्पर्धेत उतरताच आलं नाही. ओब्रादोविच मात्र थांबला नाही. १९९४ मध्ये त्याने त्याच बादालोनाला कप मिळवून दिला, ज्यांना दोन वर्षांपूर्वी हरवलं होतं! नंतर रियाल माद्रिद, मग ग्रीसचा पानाथिनाइकोस, शेवटी २०१७ ला तुर्कीचा फेनरबाचे. पाच क्लब, नऊ कप. इतके कप दुसऱ्या कुठल्याच प्रशिक्षकाकडे नाहीत.

भागीदार कुरकुरायला लागले

आता मूळ विषयाकडे येते. १९९६ पासून फिबाने स्पर्धेला 'युरोलीग' हे सुटसुटीत नाव वापरायला सुरुवात केली. लोकांच्या तोंडात लगेच बसलं.

पण आत धुसफूस चालू होती. क्लबांचं म्हणणं साधं होतं. खेळाडूंचे पगार आम्ही देतो, मैदान आम्ही भरतो, तोटा आम्ही सोसतो. मग टीव्हीचे पैसे किती येणार, त्यातला आमचा वाटा किती, स्पर्धा कशी चालणार, हे ठरवताना आम्हाला कोण विचारतं? १९९१ मध्येच स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या लीगवाल्यांनी एकत्र येऊन 'यूलेब' नावाची संघटना काढली होती. म्हणजे चिन्हं नऊ वर्षं आधीपासून दिसत होती.

कुठल्याही भागीदारीत असंच होतं. काम एकाचं, निर्णय दुसऱ्याचा, आणि हिशोब कुणालाच दाखवला जात नाही. भांडण एका दिवसात होत नाही, ते रोज थोडं थोडं साठतं.

२००० साली ते फुटलं. यूलेबने स्वतःची कंपनी काढली, 'युरोलीग बास्केटबॉल'. सूत्रं होती जोर्दी बेर्तोमेउ यांच्याकडे. पाठीशी पैसा होता स्पेनच्या टेलिफोनिका या फोन कंपनीचा. आणि स्पर्धेचं नाव काय ठेवायचं, हा प्रश्न आला तेव्हा लक्षात आलं की 'युरोलीग' हे नाव कुणी नोंदवलेलंच नाही. मग तेच ठेवलं.

फिबाकडे कोर्टात जायला भक्कम आधारच उरला नाही. जी स्पर्धा तिने उभी केली, तिला आपणच वापरात आणलेल्या नावाऐवजी नवं नाव शोधावं लागलं. ते ठेवलं 'सुप्रोलीग'.

एका वर्षात दोन विजेते

२०००–०१ चा मोसम बघा म्हणजे नुकसान किती झालं ते कळेल. युरोपचे मोठे क्लब दोन गटांत वाटले गेले. नव्या युरोलीगमध्ये २४ संघ. त्यात रियाल माद्रिद, बार्सिलोना, ऑलिंपियाकोस, बोलोन्याचा किंडर. सुप्रोलीगमध्ये २० संघ. त्यात पानाथिनाइकोस, मकाबी, सेस्का, तुर्कीचा एफेस. तगडे संघ दोन्हीकडे होते, पण ते एकमेकांशी खेळणारच नव्हते.

२००१ च्या मे महिन्यात दोन्हीकडे निकाल लागले. सुप्रोलीगची फायनल पॅरिसला झाली. मकाबीने पानाथिनाइकोसला ८१–६७ ने हरवलं. युरोलीगमध्ये पाच सामन्यांची फायनल झाली. एका बाजूला किंडर बोलोन्या, म्हणजे आपल्या दुकानांतून मुलं ज्याच्यासाठी हट्ट करतात त्या किंडर चॉकलेटचं नाव. दुसऱ्या बाजूला स्पेनचा ताऊ सेरामिका, म्हणजे टाइल्सचा ब्रँड. चॉकलेटने टाइल्सला ३–२ ने हरवलं. बोलोन्याकडून मानू जिनोबिली खेळला, जो पुढे अमेरिकेच्या एनबीएमध्ये मोठा स्टार झाला.

आता सांगा, युरोपचा विजेता कोण? आजही नोंदींमध्ये त्या वर्षी दोन नावं लिहावी लागतात.

दोन्ही बाजूंना एका मोसमात कळून चुकलं की गिऱ्हाईक गोंधळलं तर दोघांचाही गल्ला रिकामा राहतो. बोलणी झाली आणि २००१–०२ पासून परत एकच स्पर्धा सुरू झाली. पण कुठल्या नावाने? 'युरोलीग'. चालवणार कोण? क्लबांच्या बाजूची कंपनी. सुप्रोलीग हे नाव एका वर्षात पुसलं गेलं. २००२ ची फायनल पानाथिनाइकोसने जिंकली, तीही किंडरच्या घरी, बोलोन्यात.

फक्त नाव नोंदवलं असतं तर फिबा वाचली असती का? खरं सांगायचं तर, क्लब तरीही गेले असते. त्यांचं दुखणं खरं होतं. पण त्यांना नव्या, अनोळखी नावाने शून्यापासून सुरुवात करावी लागली असती. वाटाघाटीच्या टेबलावर फिबाच्या हातात एक भक्कम पत्ता राहिला असता. नोंदणीमुळे भांडण टळत नाही, पण भांडणात तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहत नाही.

पुढे काय झालं?

नव्या मालकांनी नाव व्यवस्थित वापरलं. २०१० पासून तर त्यापुढे स्पॉन्सरचं नाव लागलं, टर्किश एअरलाइन्स. २०१६–१७ पासून रचना बदलली. सोळा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे ३० सामने. ११ मोठ्या क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने, म्हणजे निकाल काहीही लागो, त्यांची जागा पक्की. १९५८ चा 'जो जिंकेल तो येईल' हा नियम इथे बराच मागे पडला. छोट्या क्लबांना हे अजून खुपतं, आणि मला विचाराल तर त्यांचं चुकत नाही. वारेझेसारख्या छोट्या गावातल्या क्लबने सलग दहा फायनल गाठायच्या, असं आता घडणं फार अवघड झालंय.

फिबाही गप्प बसली नाही. २०१६ मध्ये तिने 'बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग' ही दुसरी स्पर्धा काढली. देशांच्या संघांचे सामने ऐन मोसमात ठेवले, त्यावरून युरोलीगशी नवा वाद झाला. खेळाडूंनी क्लबकडे राहायचं की देशासाठी जायचं, ही ओढाताण सुरू झाली.

२०१९–२० चा मोसम कोरोनामुळे अर्ध्यावर रद्द झाला, त्या वर्षी विजेताच नाही. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन क्लब बाहेर काढले गेले. आठ कप जिंकलेला सेस्काही त्यात गेला. २०२५ ची फायनल फोर तर थेट अबू धाबीला झाली. फेनरबाचेने मोनाकोला ८१–७० ने हरवलं. २०२५–२६ पासून संघ झाले वीस आणि त्यात दुबईचाही एक क्लब आला.

आणि आता नवं संकट. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेची एनबीए आणि फिबा यांनी जाहीर केलं की युरोपमध्ये नवी लीग काढायचा विचार दोघं मिळून करतायत. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी युरोलीगवाल्यांनी जे फिबाशी केलं, तेच आता त्यांच्या बाबतीत होऊ शकतं. फरक इतकाच की या वेळी नाव त्यांच्या ताब्यात आहे.

आता माझी गोष्ट

माझं पहिलं दुकान मॅचिंग सेंटरचं होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. मी आणि माझी एक मैत्रीण, निम्मे-निम्मे पैसे. नाव आम्ही दोघींनी मिळून ठेवलं होतं. शॉप अ‍ॅक्ट तिच्या नावावर काढला, कारण त्या दिवशी माझी कागदपत्रं गावी होती. भागीदारीचा करारनामा? "आपल्यात कशाला गं कागद?" हे वाक्य मीच बोलले होते. बीबीए करून!

साडेतीन वर्षांनी आमचं बिनसलं. ती बाहेर पडली आणि दोन गल्ल्या सोडून तिने तेच नाव लावून दुकान टाकलं. नवरात्रीच्या आधी गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, "ताई, तुम्ही दुकान हलवलंत का?" मी वकिलाकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नाव कुणाच्या नावावर आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिचा दोष किती, माझा किती, याचा हिशोब मी आता करत नाही. तिचंही काही म्हणणं होतं, जे मी वेळेवर ऐकलं नाही. मी हिशोब दाखवायचा कंटाळा करायचे. पण पाटी उतरवली त्या रात्री मला युरोलीग आठवली. फिबाने जे केलं तेच मी केलं होतं. नाव मोठं करायला मेहनत घेतली, आणि ते आपलं करून घ्यायला एक दिवस काढला नाही.

तुम्ही काय करायचं?

भाषण पुरे. वही काढा.

१. गैरसमज आधी काढून टाका. शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी नंबर, उद्यम सर्टिफिकेट ही सगळी गरजेची आहेत, पण यातल्या कशानेही नावाची मालकी मिळत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क लागतो.

२. पाटी रंगवण्याआधी शोध घ्या. ट्रेडमार्क विभागाच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं, फुकट. आधीच कुणाचं असेल तर आत्ताच कळेल. दोन हजार पिशव्या छापल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

३. योग्य वर्गात अर्ज करा. माल आणि सेवा मिळून एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले-बेकरी ३० मध्ये, कपडे २५ मध्ये, खानावळ-हॉटेल ४३ मध्ये. एकटा माणूस किंवा उद्यम सर्टिफिकेट असलेला छोटा उद्योग असेल, तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये. बाकीच्यांना ९,०००. वकील किंवा एजंट लावलात तर त्याचे पैसे वेगळे, ते आधी ठरवून घ्या.

४. धीर धरा. तपासणी होते, मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं. तिथून चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. तोपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहू शकता. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे.

५. जुनी बिलं जपा. आपल्या कायद्यात आधीपासून नाव वापरणाऱ्यालाही संरक्षण आहे. पण ते सिद्ध करावं लागतं, त्यात वेळ आणि पैसा जातो. पहिलं बिल, पाटीचा फोटो, छापखान्याची पावती, सगळं एका फायलीत ठेवा.

६. भागीदारी असेल तर करारात एक ओळ हवीच: वेगळे झालो तर नाव कुणाकडे राहणार. गोडी असतानाच लिहा. भांडण झाल्यावर ती ओळ कुणीच लिहू देत नाही.

७. नाव फक्त पाटीवर नसतं. इन्स्टाग्रामचा पासवर्ड कुणाकडे? गूगल मॅपवरचं दुकान कुणाच्या ईमेलवर? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर कुणाच्या आधारवर? भाच्याने उघडून दिलेलं पेज असेल, तर आज संध्याकाळीच स्वतःकडे घ्या.

आणि आठवी गोष्ट कागदावरची नाही. सोबत काम करणारा कुरकुरतोय का, ते ऐका. फिबाचं नाव गेलं ते नोंदणी नव्हती म्हणून. पण भागीदार गेले ते ऐकलं नाही म्हणून. पहिल्या चुकीवर ४,५०० रुपयांत इलाज होतो. दुसरीवर महिन्यातून एकदा समोरासमोर बसून, हिशोबाची वही उघडी ठेवूनच होतो.

माझ्या आताच्या दुकानाचं नाव नोंदवलेलं आहे. सर्टिफिकेट गल्ल्याच्या मागे फ्रेम करून लावलंय, गणपतीच्या फोटोखाली. गिऱ्हाइकं विचारतात हे काय, मग मी त्यांना रिगा आणि बोलोन्याची गोष्ट सांगते. निम्मी कंटाळतात. पण मागच्या महिन्यात एका पापडवाल्या मावशींनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "अर्ज मोबाइलवरून होतो का गं?"

मी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि आम्ही तिथेच शोध घेतला. त्यांचं नाव मोकळं होतं.

तुमचं आहे का, ते आज बघा. काही अडलं तर खाली विचारा, पुढच्या व्हिडिओत अर्ज भरून दाखवते.